फाटलेला पहिला वाढदिवस

एनेइदाबाईने कॉफी पुढे ठेवली तरी साहेबाने वही मिटली नाही. अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबने त्याला नेफ्तालीचं वय तपासायला धाडलं होतं. सोळाचा पोरगा इतका जोरात चेंडू फेकतो म्हणजे एकोणीसचा तरी असणार, असा संशय. नेफ्तालीची आई तो तीन महिन्यांचा असतानाच गेली. जन्माचा दाखला काढला तो सहाव्या वर्षी, शाळेत घालताना. असल्या उशिराच्या दाखल्याला क्लबात कुत्रं विचारत नाही.

"माझा डेल्विन आणि हा एकाच दिवशी झालेत," एनेइदाबाई म्हणाली. "दोघांना मीच पाजलंय. डेल्विनचा दाखला बघा, आठव्या दिवशीचा आहे."

"बाई, या वस्तीत प्रत्येक पिचरला असा एक जोडीदार असतो. पुरावा दाखवा."

"पहिल्या वाढदिवसाचा फोटो आहे ना. डेल्विन, आण रे."

दाराला टेकलेला डेल्विन हलला नाही.

"जा की," नेफ्ताली म्हणाला. "उघड्या ढुंगणाची लाज वाटते काय?"

डेल्विन आत गेला आणि त्याने गादीखालून फोटोचे दोन तुकडे काढले. सोमवारी क्लबवाल्यांनी नेफ्तालीला निवडलं होतं. लहानपणापासून त्याचा प्रत्येक चेंडू झेलणाऱ्या कॅचरकडे, डेल्विनकडे, कुणी मान वळवूनही बघितलं नव्हतं. घरी आल्यावर डेल्विनचं डोकं सटकलं, आणि भिंतीवरचा फोटो हातात आला.

आता 'सापडत नाही' एवढं म्हटलं की झालं. साहेब उठून जाईल, नेफ्ताली इथेच राहील, उसाशेजारच्या मैदानावर, त्याच्याबरोबर. क्षणभर डेल्विनला ते आवडलंही.

मग त्याने बाहेर येऊन तुकडे टेबलावर टाकले. एकात तो आणि अर्धा केक. दुसऱ्यात नेफ्ताली, नाकाला केकवरचं क्रीम.

"हे दोन वेगळे फोटो आहेत," साहेब म्हणाला.

"एकच आहे."

"मग फाटला कसा?"

आई बघत होती. नेफ्ताली बघत होता.

"मी फाडला. सोमवारी. तुम्ही याला घेतलंत, मला नाही, म्हणून." डेल्विनचे कान तापले. "खोटाच पुरावा करायचा असता तर धड नसता का केला?"

साहेबाने तुकडे उलटे करून जुळवले. मागे एनेइदाबाईचं तिरकं अक्षर फाटलेल्या रेषेवरून सरळ पलीकडे गेलं होतं: 'माझी दोघं, एक वर्षाची.' खाली तारीख, डेल्विनच्या दाखल्याशी जुळणारी. तो बराच वेळ लिहीत राहिला. मग वही मिटून म्हणाला, "कळवतो. काळजी करू नका." आणि गार झालेली कॉफी एका घोटात प्यायला.

तो गेला. एनेइदाबाई कालच्या भाताची शितं चोळून फोटो चिकटवायला बसली.

"सोमवारपासून तू तोंड उघडलं नाहीस," नेफ्ताली म्हणाला. "मला वाटलं दाढ दुखतेय."

"दुखतेयच."

"बघू."

"बघतोस काय, डॉक्टर आहेस?" डेल्विन म्हणाला. पण नेफ्तालीने हनुवटी धरली तेव्हा त्याने मुकाट्याने तोंड उघडलं.