एका मिनिटात मावेल तेवढं

वर्तमानपत्राच्या व्हिडिओ विभागात तिला सगळे कात्रीताई म्हणत. बोलणाऱ्याचा खोकला, 'म्हणजे', 'ते आपलं' असं काहीबाही ती इतकं बेमालूम उडवायची, की आपण एवढं छान कधी बोललो याचं खुद्द बोलणाऱ्यालाच नवल वाटावं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्यात यंदा फुटबॉल लीगनं नवा नियम काढला. खेळाडूंच्या मुलाखतींचा व्हिडिओ वर्तमानपत्रांनी आपल्या वेबसाइटवर दिवसाला एक मिनिटच दाखवायचा. छापायचं मात्र हवं तेवढं छापा. लीगला स्वतःच्या साइटवर गर्दी हवी होती, दुसरं काय! क्रीडासंपादक थोडे चरफडले आणि सगळा भार कात्रीताईवर टाकून मोकळे झाले.

बाकीच्यांचं ठीक होतं. 'संघानं मेहनत घेतली' हे सांगायला मिनिटसुद्धा जास्तच. अडचण होती गोलकीपरची. तो अडखळत बोलायचा. एखादं अक्षर ओठांवर अडून बसलं की ते सुटेपर्यंत शांतपणे थांबायचा आणि समोरच्यालाही थांबायला लावायचा. पूर्वी त्याच्या मुलाखती अख्ख्या दाखवत. आता मिनिटात त्याची दोन वाक्यं मावेनात. कात्रीताईनं सगळे अडखळे काढले, श्वासाला श्वास जुळवला आणि गोलकीपर घडाघडा बोलू लागला. संपादकांनी तिची पाठ थोपटली. आपण त्या माणसावर उपकारच केले, असं तिलाही वाटलं.

थोड्याच दिवसांत गोलकीपर स्वतः ऑफिसात आला. आभार मानायला आला असेल म्हणून तिनं हसून खुर्ची पुढे केली. तो अवघडून बसला आणि जागोजागी थांबत आपल्या मुलीबद्दल सांगू लागला. तीही त्याच्यासारखीच अडखळते. वर्गात मोठ्यानं वाचायची वेळ आली की बाकावरून उठायचीच नाही. मग तिनं बापाला सगळ्यांदेखत व्हिडिओत अडखळताना पाहिलं आणि हळूहळू उभी राहून वाचायला लागली.

“परवाचा व्हिडिओ ब... बघितला तिनं,” तो म्हणाला. “मला विचारते, बाबा, तू बरा झालास? मग आता मी एकटीच का? तेव्हापासून वर्गात पुन्हा त... तोंड उघडत नाही.”

कात्रीताईला मनापासून वाईट वाटलं. ज्या हाताचं एवढं कौतुक, त्याच हाताचा तिला रागही आला. पण नियम काही तिच्या हातात नव्हता. अडखळे ठेवले तर बोलणं मध्येच तुटेल, हे तिनं त्याला सांगून पाहिलं.

“तुटू दे, ताई,” तो म्हणाला. “मावेल तेवढं म... माझं असू दे.”

पुढचा सामना पेनल्टीवर गेला आणि शेवटचा फटका गोलकीपरनं अडवला. मुलाखतीत तो त्याच फटक्याबद्दल बोलत होता. कात्रीताईनं सुरुवातीपासून मिनिट मोजलं आणि तिथंच थांबली. 'शेवटच्या फटक्याला मी घ... घ...' इथं व्हिडिओ संपत होता. संपादकांनी कपाळाला हात लावला. “अगं, वाक्य तरी पुरं होऊ दे माणसाचं,” म्हणाले. उरलेलं खाली छापलंय, वाचतील लोक, असं सांगून तिनं व्हिडिओ तसाच चढवला. साइट बिघडली का, अशी विचारणा मात्र बऱ्याच जणांनी केली.

मग एका दुपारी गोलकीपरनं तिच्या फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. मुलीच्या बाईंनी ते वर्गात केलं होतं. बाबांचं वाक्य अर्धंच राहिलंय, ते मी वाचते, असं म्हणून मुलगी आपणहून उभी राहिली होती.

“घ... घ... घाबरलो होतो,” ती वाचत होती. “पण उ...”

पुढचं अक्षर काही केल्या सुटेना. वर्ग चिडीचूप होता. कात्रीताईचा हात सवयीनं माऊसकडे गेला. तिनं तो मांडीवर ठेवला आणि त्या वर्गाबरोबर तीही थांबली.

“उभा राहिलो,” मुलगी म्हणाली, आणि पुढची ओळ वाचू लागली.