दोन झोके घेऊ द्या

मी एक जुनी बंगई आहे, मित्रांनो. पुण्याकडचे लोक मला झोपाळा म्हणतात, म्हणोत बापडे. उदगीरच्या मलप्पा सुतारानं मला सागाच्या फळीतून घडवलं आणि हणमंतराव मास्तरांच्या ओसरीत चार साखळ्यांवर टांगलं.

मास्तरांना बसल्या जागी काही म्हणून सुचत नसे. कुणी अर्ज लिहून घ्यायला आलं की म्हणत, "थांबा, दोन झोके घेऊ द्या." पायानं जमिनीला रेटा दिला, मी पुढं-मागं झाले, की शब्द भराभर यायचे. गावभर नाव मास्तरांचं झालं. माझं कुणी काढलं नाही, तरी मी आपली फुगून जायची.

मास्तरांच्या पत्नी साखराबाई वारल्या. दोन वर्षांनी मास्तरांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. ते पडतील या धास्तीनं मुलानं, उमाशंकरनं, मला उतरवून जिन्याखाली उभं केलं. त्याचं चुकलं तरी कसं म्हणू? काळजीच ती.

आता मास्तर खुर्चीत. उमाशंकर रोज चित्रं दाखवायचा. "बाबा, हे काय हाय? हलू नका, नीट बसून सांगा!" मास्तर नुसते बघत राहायचे. डावा पाय मात्र खुर्चीखाली सारखा जमीन रेटायचा. अरे, त्या पायाकडं बघा की! पण फळीचं कोण ऐकतो? आठ महिने मी कोळिष्टकांत एकटी पडले होते, आणि माणसांत बसून मास्तरही एकटेच होते.

शेवटी नातीच्या, सृष्टीच्या, ध्यानात आलं. "पप्पा, आजोबांचा पाय झोका देऊन राहिला. बंगई टांगा ना."

"अन् पडले म्हंजे?"

"मी धरून बसते."

मला पुन्हा टांगलं. एक झोका झाला, दोन झाले. तिसऱ्याला मास्तरांच्या तोंडून अडखळत आलं, "उमाची माय... च्या ठिव."

उमाशंकरनं डोळे पुसले. "हाव, ठिवतो," म्हणत तो स्वतःच गॅसपाशी गेला.

मित्रांनो, बोलताना कुणी हात नाचवत असेल, येरझाऱ्या घालत असेल, तर त्याला दामटून बसवू नका. मास्तर आता झोक्यावर रोज चार शब्द बोलतात, बहुतेक साखराबाईंशीच. मी ऐकते, पण मला 'हाव' म्हणता येत नाही. तेवढं तुम्ही कुणीतरी जवळ बसून म्हणत जा.