चौदा खुणांचं गाणं

कार्यालयात त्यांना सगळे मोजपट्टी म्हणत, आणि मनातून त्यांना ते आवडायचं. कोणता अल्बम कोणत्या वयाच्या मुलांनी ऐकावा हे ठरवणं, हे त्यांचं काम. त्यासाठीचा तक्ता वीस वर्षांपूर्वी त्यांनीच आखला होता. शिव्या, नशा, मारामारी, मरण असे रकाने. शब्द आला की एक खूण, आणि एका रकान्यात दहाच्या वर खुणा गेल्या की अठराच्या आतल्यांना मनाई. गाणं ऐकायचं नाही, फक्त टाइप केलेले शब्द वाचायचे; चाल माणसाला भुलवते, असं त्यांचं म्हणणं. कागदावर बँडचं नावही नसे, म्हणजे कुणाची भीडभाड नको.

मंगळवारी हार्ड रॉकचा एक अल्बम आला. शिव्या तीन, नशा नाही. मोजपट्टी जवळजवळ खूश झाले. आठव्या गाण्यात मात्र मरणाने ठाणच मांडलं होतं. 'आज नाही मरायचं' ही एकच ओळ, चौदा वेळा. त्यांनी चौदा खुणा केल्या, मनाईचा शिक्का मारला आणि जेवणाचा डबा उघडला. त्या 'नाही'साठी तक्त्यात जागाच नव्हती आणि वीस वर्षांत तिची उणीव त्यांना कधी भासलीही नव्हती.

घरी त्यांची सोळा वर्षांची मुलगी होती. दीड वर्षापूर्वी तिचा मोठा भाऊ अपघातात गेला, आणि तेव्हापासून पोरीने जगण्यातून अंगच काढून घेतलं होतं. शाळा सुटली, बोलणं आटलं, ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. गेल्या दोन महिन्यांत मात्र काहीतरी पालटलं होतं. तिच्या खोलीची भिंत दणदणायला लागली आणि ती पुन्हा जेवायला येऊन बसू लागली. एकदा तर हसलीसुद्धा. बापाने यावर काय करावं? आवाज कमी कर, एवढंच म्हणाला. ती काय ऐकते हे विचारावंसं त्याला वाटलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा भिंत गप्प होती. शनिवारी मायलेकी पोरीच्या आवडत्या बँडच्या कार्यक्रमाला जाणार होत्या; त्या बँडचं एक गाणं अल्बमच्या आधीच, दोन महिन्यांपूर्वी, नेटवर आलं होतं. दीड वर्षात पोर पहिल्यांदा आपणहून घराबाहेर पडणार होती. नव्या अल्बमवर मनाई आली म्हणून आता कार्यक्रमालाही अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, असा निरोप आल्याचं बायकोने सांगितलं. बोलताना तिने मुलीच्या बंद दाराकडे पाहिलं. दारावर एक चिठ्ठी डकवलेली होती. महिनाभर ते तिला अभ्यासाचं वेळापत्रक समजत होते. आज त्यांनी ती वाचली: वर 'आज नाही मरायचं' ही ओळ, आणि खाली रोजच्या तारखेपुढे एकेक खूण.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच ते तिथल्या मुख्य अधिकारी बाईंच्या दाराशी उभे होते. एकदा ते गाणं ऐकून बघू, म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना नीट मागताही येईना. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मनाई उठवा म्हणत आलेल्या किती बापांना तुम्ही हाच तक्ता दाखवून परत पाठवलंत," त्या म्हणाल्या. "आता त्यांना मी काय सांगू?"

ते वळून आपल्या टेबलाशी परत गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला सगळं सांगून टाकलं. तक्ता आपला, खुणा आपल्या, शिक्काही आपलाच. ती ओरडेल, आदळआपट करेल, असं त्यांना वाटलं होतं, किंबहुना तशी आशाच होती.

"बाबा, तुम्ही ऐकलंत का ते?" तिने विचारलं.

"वाचलं."

तिने मान हलवली. गळ्यातला हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला, दारावरची चिठ्ठी हलकेच सोडवून घेतली आणि आत जाऊन दार लावलं.

ते तिथेच जमिनीवर बसले आणि गाणं ऐकलं. गाणारा मुलगा घसा फाटेस्तोवर ओरडत होता. मरणाला दारातून बाहेर ढकलत होता, एकदा, दोनदा, चौदा वेळा. मोजपट्टी ढसाढसा रडले. मग हेडफोन काढून त्यांनी कान दाराला लावला.

आत काहीच वाजत नव्हतं.