पांढरी पडलेली अंगठी

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, कारण सून एका जागी म्हणून बसत नसे. पुढे तिला नोकरीही फिरवण्याचीच मिळाली, याचं सासूबाईंना भारी हसू यायचं.

ती टेकडीवरच्या वेधशाळेत पाऱ्याचा आरसा उभारत होती. छप्पर सरकवता येईल अशा खोलीत एक भलंमोठं उथळ ताट हवेच्या पातळ गादीवर तरंगत ठेवलेलं. त्यात पारा ओतायचा आणि ताट अगदी संथ, एका लयीत फिरवायचं. फिरता फिरता पारा कडांकडे चढतो, मध्ये खोलगट होतो, आणि काच महिनोन्‌महिने घासून जे साधायचं ते आपसूक साधतं. असा आरसा तिरका करता येत नाही, पारा सांडेल. बरोबर डोक्यावरून सरकतील तेवढेच तारे पाहायचे. पण काचेच्या मानाने फारच स्वस्त.

तिच्या जोडीला लेथवाला होता, लेथ यंत्रावर धातू कातणारा. ताट त्याच्या हातचं. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नाही, म्हणून दोघं मुखवटे चढवूनच आत जात. ताट फिरायला लागलं की काही तासांत पाऱ्यावर साय धरते आणि वाफ मंदावते. तोवर जपलं की झालं, असं सगळेच धरून चालले होते. एकदा ताट डचमळलं आणि पाऱ्याचे मणी जमिनीभर पळाले. दोघांनी ते टिपले, हवेतल्या पाऱ्याच्या मोजणीचं यंत्र शांत होईपर्यंत मुखवटे काढले नाहीत. संध्याकाळी छप्पर सरकलं आणि ताटात पहिला तारा उतरला, तेव्हा लेथवाल्याने चक्क शिट्टी मारली.

त्या हिवाळ्यात सासूबाईंची तब्येत बिघडली. आधी कप हातात थरथरायला लागला. मग तोंडाला सारखी धातूची चव. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मग त्या चिडायला लागल्या. मीठ कमी पडलं म्हणून ताटली भिरकावली.

"आईचा पारा चढलाय, जपून," नवरा दारातच कुजबुजायचा आणि दोघं तोंड दाबून हसायची.

हसणं बंद झालं ते वेगळ्याच गोष्टीने. अख्ख्या गल्लीशी घासाघीस करणारी बाई दाराची घंटा वाजली की आतल्या खोलीत जाऊन लपायला लागली.

एका सुट्टीच्या सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि मूठ टेबलावर आपटली.

"माझी अंगठी कोणी बदलली?"

"कोण बदलणार, आई?" नवरा म्हणाला.

"हिला विचार! माझं सोनं नेलं आणि हे कथलाचं घातलंन माझ्या बोटात."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. तरी तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. अंगठी बोटावर जरा सरकवली, तर आतली बाजू पिवळीच होती. बाहेरून मात्र ती पांढुरकी पडली होती, चांदीचा मुलामा दिल्यासारखी.

पारा लागला की सोनं असं पांढरं पडतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"आई, अंगठी काढा. सगळ्या खिडक्या उघड रे. मी आलेच."

ती टेकडीवर जाऊन मोजणीचं यंत्र घेऊन आली. दिवाणखान्यात आकडा जेमतेम हलला. स्वयंपाकघरात थोडा वर गेला. तिने सासूबाईंच्या खोलीचं दार ढकललं आणि यंत्र केकाटायला लागलं.

खोलीत हीटर चालू होता. त्याच्यासमोर, सतरंजीवर, तिचे कामाचे बूट तळवे वर करून नीट मांडलेले. तिने गुडघे टेकले. तळव्यांच्या खाचांत बारीक चकाकी होती. सतरंजी उचलली तर खाली मोहरीएवढे मणी लगबगीने एकमेकांत मिसळले.

"हे बूट इथे कोणी आणले?"

"मीच," दारातून सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "रोज आणते. चिखल काढते, पुसते, ऊबेला ठेवते. सकाळी गार बुटांत पाय घालतेस तू. काही चुकलं का गं?"

भिंगरी तशीच उठली, त्यांना दंडाला धरून घराबाहेर घेऊन गेली आणि जिन्यात बसून हुंदके देत रडली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हात थरथरत होता.

मग तिला लेथवाला आठवला. तिने त्याला फोन केला.

"तुझे कामाचे बूट कुठे असतात?"

"घरी. का?"

"घरात कुठे?"

"पलंगाखाली. अगं, झालंय काय?"

ती यंत्र घेऊन पोहोचली तेव्हा त्याच्या बायकोने हसून दार उघडलं. तिच्या मागे त्यांची मुलगी जमिनीवरून रांगत आली आणि यंत्राच्या लुकलुकत्या दिव्याकडे हात पसरले. उंबऱ्यातच आकडा चढायला लागला होता.

वेधशाळा बंद झाली. सासूबाईंना नणंदेकडे हलवलं, उपचार सुरू झाले. वसंतापर्यंत त्यांचा हात बराच स्थिरावला. राग गेला, पण भीती गेली नाही. भिंगरी भेटायला गेली की त्या खुर्चीच्या कडेवर बसतात आणि पुन्हा पुन्हा विचारतात, "तू रागावली नाहीस ना?" तीही दर वेळी म्हणते, "नाही हो, आई."

आरसा पुन्हा सुरू करायचा ठरला. आता बूट, कपडे, सगळं तिथेच ठेवायचं. आंघोळ केल्याशिवाय कोणी टेकडी उतरायची नाही. नियम भिंगरीनेच लिहिले. लेथवाला परत आला नाही. त्याच्या मुलीच्या रक्तात पारा सापडला होता. उपचार झाले, नुकसान कितपत, ते ती बोलायला लागली की कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

भिंगरी दर रविवारी त्याला फोन करते. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारते, "काही बोलली का?"

"अजून नाही," तो म्हणतो.