तीनशे सतराची शेवटची कुपी

त्याने फ्लास्क उजेडाकडे धरला, तळाशी पेशींचा धूसर थर सारखा पसरलाय ना ते पाहिलं आणि जुनं गुलाबी द्रव हलकेच शोषून घेतलं. नवं द्रव भरता भरता तो नेहमीप्रमाणे पुटपुटला, "नळ दुरुस्त झाला एकदाचा. तू म्हणायचीस तसाच निघाला तो प्लंबर. दोन तास नुसत्या गप्पा, काम पाच मिनिटांचं."

काचसामान धुणाऱ्या मावशी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"भाऊ, माझ्या बाटल्यांशीही बोला की कधी चार शब्द. त्या काय सावत्र आहेत?"

"तुमच्या बाटल्या रिकाम्या असतात, मावशी."

"माणसंही असतात. तरी बोलतोच की आपण."

तो हसला आणि फ्लास्क उबदार कपाटात ठेवून दिला. त्यावर फक्त आकडा होता, ३१७. संस्थेत नमुन्यावर नाव लिहीत नाहीत. पण हा आकडा कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या दंडावरून तांदळाच्या दाण्याएवढा त्वचेचा तुकडा काढला होता, आणि बर्फाच्या डब्यातून तो वरच्या मजल्यावर यानेच आणला होता. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आजाराचा इथे अभ्यास चालायचा. सहा महिन्यांनी ती गेली. नवव्या दिवशी तो कामावर आला आणि तीनशे सतराची देखभाल त्याने मागून घेतली. घरातून तिच्या साड्या गेल्या, औषधं गेली, शेवटी खोलीतला तिचा वासही गेला. इथे मात्र ती वाढत होती. दर तीन दिवसांनी तिला नवं द्रव लागायचं आणि ते भरायला तोच असायचा.

दुपारी विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. सगळ्या पेशींची ओळख पटवून घ्यायची, असा नियम त्या वर्षी पहिल्यांदाच निघाला होता. त्याचा अहवाल टेबलावर होता.

"दार लोटून घेता का जरा?"

त्याने दार लोटलं आणि उभाच राहिला.

"तीनशे सतराचा फ्लास्क तीनशे सतराचा नाही," मॅडम म्हणाल्या. "आत पुरुषाच्या पेशी आहेत. तीनशे बाराच्या."

"थोड्या मिसळल्या असतील, मॅडम."

"थोड्या नाहीत. सगळ्याच. बाराच्या पेशी फार जोमाने वाढतात. एक थेंब गेला तरी काही आठवड्यांत दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही. कधी झालं, कुणाच्या हातून झालं, ते मला शोधायचं नाही. पण ते फ्लास्क आता नष्ट करावे लागतील."

कधी झालं ते त्याला उभ्या उभ्याच कळलं होतं. नववा दिवस. एका वेळी टेबलावर एकच आकडा घ्यायचा, तो आत ठेवायचा, टेबल पुसायचं, द्रव ओढायला नवी नळी घ्यायची आणि मगच दुसरा बाहेर काढायचा. वीस वर्षांत हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. त्या दिवशी बाराचं काम चाललेलं असताना त्याने सतराला शेजारी काढून ठेवलं होतं, कारण तिला नजरेआड करवत नव्हतं. चष्मा सारखा धूसर होत होता. नळी बदलल्याचं त्याला काही केल्या आठवेना.

म्हणजे अडीच वर्षं समोर एक परका पुरुष होता. पलंगाच्या तिच्या बाजूला अजून झोपवत नाही, हेसुद्धा त्याला सांगून झालं होतं.

"द्रव नायट्रोजनच्या टाकीत एक कुपी आहे," मॅडम सावकाश म्हणाल्या. "अगदी सुरुवातीला गोठवलेली. एकच. उघडली तर कळेल. पण नीट गोठली नसेल तर सगळ्या मेलेल्या निघतील. मग पुढे काहीच नाही. मला कामासाठी ती उघडायला हवी. तरी म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

त्याने वर पाहिलं. मॅडम अहवालाचा कोपरा दुमडत होत्या. तो आकडा कुणाचा, ते त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं तर. एवढ्या वर्षांत त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

"उघडा," तो म्हणाला. "पण प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीला करू द्या. माझ्या हाताचं काही खरं नाही."

फ्लास्क मात्र त्यानेच नष्ट केले. वाफेच्या यंत्रात एकेक ठेवताना त्याला एकदम अहो-जाहो करावंसं वाटलं.

"तुम्ही ऐकून घेतलंत," तो म्हणाला आणि झाकण घट्ट फिरवलं. दाबाचा काटा वर चढेपर्यंत मावशी शेजारी उभ्या राहिल्या.

कुपी उघडली तेव्हा तो काचेच्या बाहेर होता. मुलीने ती कोमट पाण्यात धरली, आतला बर्फ शेंगदाण्याएवढा झाला, मग तोही विरला. त्यानंतरचे आठ दिवस त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. कॉरिडॉरमधून जातानासुद्धा तो पलीकडच्या भिंतीकडे बघत जायचा.

नवव्या दिवशी मुलगी धावतच आली.

"काका, या ना. बऱ्याचशा मरून तरंगल्या, पण थोड्या तळाला चिकटल्यात. वाढतायत. आणि ओळखही जुळली, मॅडमनी आत्ताच सांगितलं."

तो सूक्ष्मदर्शकापाशी बसला. एकमेकींपासून लांब लांब, टोकांना निमुळत्या अशा दहा-बारा पेशी होत्या. मुलीने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि ती हातमोजे आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना. शेजारच्या तबकात रिकामी कुपी होती आणि तिच्यावर गोठवल्याची तारीख होती. त्या दिवशी टाकीपाशी तोच उभा होता, हातात ते जाडजूड मोजे. खिशात फोन वाजला होता. खांद्याने कसाबसा कानाशी धरला, तर ती विचारत होती, "अहो, डबा खाल्लात का?" हातात काम आहे, मग करतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला होता, आणि मग करायचा राहूनच गेला.

तेव्हा तिचे रिपोर्टसुद्धा आले नव्हते. पुढचं काही घडलंच नव्हतं. या दहा-बाराजणींना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाहेर मुलीची पावलं परत येताना ऐकू आली तसा तो भिंगाशी वाकला.

"खाल्ला डबा," तो हळू आवाजात म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "इकडे सगळं ठीक आहे."