मुसळाचा टेकू

निपाणीच्या जिनपालचं डोकं तसं शांत, पण कबुतरांनी चार महिने त्याचा अंत पाहिला होता. गॅस आल्यापासून स्वयंपाकघरातलं विटांचं धुराडं नुसती अर्धी भिंत अडवून बसलं होतं. तिथं मोठा फ्रीज ठेवायचा, हे त्याच्या बायकोचं, त्रिशलाचं, जुनं मागणं. पण पाडायला काढावं तर आत अंडी. पिल्लं उडून जाईपर्यंत जैनाच्या घरात घण उचलणार कोण? आणि पिल्लं उडाली की आठवड्यात कबुतरीण पुन्हा हजर. अशा तीन खेपा झाल्या. रविवारी सकाळी शेवटचं पिल्लू एकदाचं उडालं आणि जिनपालनं भावकू गवंड्याला असेल तसा बोलावून घेतला.

भावकूनं मान वर करून पाहिलं. माडीची जमीन तोलणाऱ्या दोन लाकडी कड्यांची टोकं धुराड्याच्या विटांत शिरलेली होती. आधी त्यांना खालून बल्ल्यांचे, म्हणजे उभ्या लाकडी वाशांचे, टेकू द्यायचे, मग विटा काढायच्या, शेवटी लोखंडी गर्डर बसवायचा, असं त्यानं सांगितलं. बल्ल्या मात्र चिकोडीला एका स्लॅबखाली अडकल्या होत्या, मंगळवारशिवाय सुटणार नव्हत्या. मंगळवारपर्यंत कबुतरीण कुठली थांबायला? कड्या पार मागच्या भिंतीत गेल्यात, धुराड्याला नुसत्या टेकल्यात, असं जिनपालनं ठासून सांगितलं. त्याला हे कुणी सांगितलं होतं, ते विचारू नका.

घरात हे ऐकणारं आणखी एक माणूस होतं. जिनपालची थोरली बहीण अक्काताई, सगळ्यांची आक्का, कन्नड शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. आई गेली तेव्हा जिनपाल सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालून, वेळप्रसंगी फोडून काढून, हिनंच वाढवला.

"टेकू लावल्याबिगर एक वीट हलवू नको," आक्का जिन्यावरून म्हणाली. "मी सामायिकाला बसते. तोवर चहा घ्या."

जिनपालनं मान डोलावली. चहा दोन मिनिटांत संपला.

आक्का रोज या ध्यानाला माडीवर पुढच्या खोलीत बसायची. त्या दिवशी गल्लीत लग्नाचा स्पीकर सुरू झाला, म्हणून तिनं आसन उचललं आणि मागच्या, नेमक्या स्वयंपाकघरावरच्या खोलीत घातलं. खाली याचा कुणाला पत्ताच नव्हता.

पहिल्या वीसेक विटा सुखानं निघाल्या. जिनपाल विजयी मुद्रेनं त्रिशलाकडे बघत होता, तेवढ्यात वरून कर्र असा आवाज आला आणि दोन्ही कड्या चार बोटं खाली बसल्या. मागच्या भिंतीत वगैरे त्या कधीच गेल्या नव्हत्या. भावकूनं घण टाकला, जेवणाच्या टेबलावर उडी मारली आणि खांदा कडीला लावला. माडीवर काहीतरी घसरत जाऊन भिंतीला आपटलं.

त्रिशला धावत जिना चढली, वरच्या पायरीवरूनच डोकावली आणि पांढरीफटक होऊन परत आली. "आक्का मागच्या खोलीत हायत. चष्म्याची डबी घरंगळून कोपऱ्यात गेलीया, आणि त्या डोळं मिटून बसल्यात. बसून एकोणीस मिनिटं झाल्यात."

सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यात उठायचं नाही, बोलायचं नाही, कुणाबद्दल मनात राग आणायचा नाही. जिन्यात उभा राहून जिनपाल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आक्का, ऊठ गं. माझी चूक झाली." तो वर निघाला, तसं भावकूनं टेबलावरूनच बजावलं, की आता वरती मांजरसुद्धा जाता कामा नये.

उरली एकोणतीस मिनिटं. शेवटी टेकू उभा राहिला तो त्रिशलाच्या डोक्यातून. टेबलावर जातं ठेवलं, जात्यावर मुसळ उभं केलं आणि मुसळाच्या डोक्यावर, दोन्ही कड्यांना मिळून, पोळपाट लावला. फट राहिली तिथं भावकूनं जळणाच्या ढलप्यांच्या पाचरी ठोकल्या. खांदा मात्र त्यानं काढला नाही. आपल्या टेकूवर विश्वास आहे, म्हणाला, पण एवढा नाही. जिनपाल मुसळाला मिठी मारून उभा राहिला आणि घड्याळाकडे बघत णमोकार मंत्र म्हणू लागला. मेला तो फ्रीज, मेलं ते धुराडं, आक्का तेवढी खाली येऊ दे.

अठ्ठेचाळीस मिनिटं भरली. वर आसन झटकल्याचा आवाज आला. भिंतीच्या कडेकडेनं पावलं आली, जिना उतरली, आणि आक्का दारात उभी राहिली. तिनं जातं पाहिलं, मुसळ पाहिलं, पोळपाट पाहिला. पडक्या धुराड्यावर कबुतरीण येऊन बसली होती, तीही पाहून घेतली. जिनपालच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"कर्र झालं तवाच कळलं, तू ऐकलं न्हाईस," आक्का शांतपणे म्हणाली. "पण सामायिकात राग धरता येत न्हाय." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता संपलं."

आणि ती कन्नडवर आली. खरा राग आला की आक्का कन्नडवर यायची. "निनग बुद्धी ऐतेन?", तुला अक्कल आहे का, इथून जी सुरुवात झाली, ती त्याच्या तिसरीतल्या गणितापर्यंत मागं गेली. भावकूनं मधेच, आता उतरू का, असं विचारून पाहिलं, पण त्याचं कोण ऐकतंय? जिनपाल मुसळ धरून, मान खाली घालून ऐकत होता, आणि तिनं इतक्यात थांबू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.