पडदा कुणी सांगितला?

दुपारची कॉफी झाली आणि वासुकीनं ड्रम बांधायला घेतले. साठीला टेकलेल्या बाईनं बेस ड्रम उचलायचा म्हणजे आधी कमरेची परवानगी लागते, आणि अलीकडे कंबर ती देत नसे. टॉम, झांजा, पायानं वाजवायचं पेडल, बसायचं गोल स्टूल, सगळं एकेक करून तिनं ओसरीवर आणलं आणि खांबाला टेकून थोडा दम खाल्ला. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या मराठी गल्लीत हा देखावा कुणालाच नवा नव्हता.

"आज कुठें कच्चेरी, वासुकी?" समोरच्या दारातून शेजारणीनं कार्यक्रमाची चौकशी केली.

"घरचेंच लग्न. कीर्तनाचें. आज रिसेप्शन, उद्या मुहूर्त."

"मग आज पहिल्या ओळीत बसायचें सोडून ड्रम कशाला उचलतेस ग?"

वासुकी झांजांच्या पिशवीचं तोंड बांधू लागली. पहिल्या ओळीत बसायला तिला कुणी बोलावलंच नव्हतं, हे भर गल्लीत कसं सांगायचं?

कीर्तना ही तिच्या धाकट्या भावाची, सेतुरामची मुलगी. वासुकीला मूलबाळ नाही. भाचीला मांडीवर घेऊन तिच्या गुडघ्यांवर बोटांनी ताल धरायला तिनंच शिकवलं होतं. एक सोड, दोनवर मार, तीन सोड, चारवर मार. पोरीला बाराखडी यायच्या आधी हा ताल आला.

हा ताल तंजावूरचा नव्हे. तो रिदम अँड ब्लूज नावाच्या संगीताचा. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी दिवसभर राबून संध्याकाळी ते वाजवलं, आणि रेकॉर्डवरून ते शाळेच्या बँडमास्तरांच्या, म्हणजे वासुकीच्या वडिलांच्या, कानी आलं. वैद्यनाथमास्तरांनी मुलीच्या हाती काठ्या दिल्या तेव्हा नातेवाईकांनी नाकं मुरडली. मास्तर म्हणाले, "आमचे पणजोबा राजवाड्याच्या बँडांत ड्रम वाजवत होते. पोरगी घरचाच धंदा करते." एकोणिसाव्या वर्षी ती मद्रासला हॉटेलच्या बँडमध्ये गेली. बेस गिटार वाजवणारा मुरलीकृष्ण तिथेच भेटला. बेस गिटार आणि बेस ड्रम यांचं जमलं तरच ही गाणी उभी राहतात. या दोघांचं इतकं जमलं की लग्नच लागलं. मग सिंगापूरच्या जहाजावर दोन वर्षं झाली, मग सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं. पुढे ताल वाजवणारी यंत्रं आली. यंत्र दमत नाही, उशिरा येत नाही आणि त्याला जेवायला घालावं लागत नाही. दोघं मुकाट्यानं गावी परतली आणि कार्तिक नावाच्या होतकरू पोराच्या बँडमधून लग्नाच्या रिसेप्शनला वाजवू लागली.

सहा वर्षांपूर्वी मुरलीकृष्ण गेला.

त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात मंडपाच्या मॅनेजरनं फार अदबीनं सांगितलं, "मॅडम, इथं आवाज घुमतो. ड्रमपुढें थोडें डेकोरेशन लावूं कां?" वासुकीला कळलं. कळूनही तिनं स्वतःच किट मागे सरकवायला हात लावला. कपाळ मोकळं होतं, मन ठिकाणावर नव्हतं, आणि लोकांच्या नजरा चुकल्या तर बरंच, असं तेव्हा तिला वाटलं. तिथून प्रथा पडली. कधी झेंडूची जाळी, कधी मोगऱ्याच्या माळा, एकदा तर थर्मोकोलचा मोर. आत बसून ती दोन-दोन तास वाजवायची. बाहेर नवरा-नवरीवर फुलं पडायची, लोक तिच्या तालावर माना डोलवायचे. विधवेचा आवाज शुभकार्याला चालत होता, तोंड चालत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्याही तिनंच मारायच्या होत्या.

त्याच बँडमधल्या कीबोर्डवाल्याची बायको गेल्या वर्षी वारली. पंधरवड्यात तो स्टेजवर पुढे उभा राहून वाजवत होता. त्याच्यासमोर कुणी मोर लावला नाही. आवाज फक्त बाईच्याच ड्रमचा घुमतो की काय?

रिक्षा आली. वासुकीबरोबर वेंकूबाई मौशी निघाल्या. तिच्या आईची ही बहीण, वय ऐंशीच्या पुढे. विशीत नवरा गेला, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात त्यांची जागा कोठीत. पाहुण्यांना निघताना द्यायच्या तांबूलाच्या पिशव्या भरायच्या, सुपाऱ्या मोजायच्या, मुहूर्ताची वेळ झाली की दार लोटून घ्यायचं. आताशा ऐकू कमी यायचं, पण पिशव्या भरायला कान लागत नाहीत.

मंडपात शिरताच वासुकीनं पाहिलं. स्टेजच्या कोपऱ्यात बांबूची चौकट उभी होती आणि दोन माणसं तिच्यावर शेवंतीच्या माळा दाट बांधत होती. सेतुराम लगबगीनं पुढे आला. बँकेतून निवृत्त झालेला, सालस माणूस. बहिणीवर त्याचा जीव होता, हे खोटं नव्हे.

"अक्का, वाईट वाटून घेऊं नको हं. मुलाकडचीं माणसें जुन्या वळणाचीं अहेत. अमचें काहीं नाहीं."

त्याची बायको कनकलता शेजारीच होती. तिनं वासुकीचा हात धरला. "वन्स, तुम्ही वाजवलें नाहीं तर कीर्तना रडेल. आणि पुढें बसलां तर ते लोक काय म्हणतील? तुम्हीच समजून घ्या."

समजून घ्यायचं खातं घरात कायम एकाच माणसाच्या नावावर असतं. "सेरी, बरें," वासुकी म्हणाली आणि फुलांच्या मागे जाऊन ड्रम जोडू लागली. रागावायला बळ लागतं, आणि त्या दिवशी तिच्या अंगात ते नव्हतं. रडू मात्र आलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि स्नेअर ड्रमचे स्क्रू आवळले.

संध्याकाळी मंडप भरला. बँडनं चार-पाच गाणी वाजवली. मग नवरीनं स्वतः माइक हातात घेतला. एका संथ ब्लूजच्या चालीवर कीर्तनानं चार ओळी मराठीत बांधल्या होत्या, अत्या आणि मुरलीकाका जी चाल घरात वाजवत बसायचे तीच ही. आज ती गाणार, हे तिनं महिनाभर आधी वासुकीला सांगून ठेवलं होतं. या गाण्यात ड्रमवाला मानेनं खूण करतो आणि मगच गाणारा उठाव घेतो. कीर्तना खुणेसाठी वळली. समोर शेवंती.

तिनं वाट पाहिली. कार्तिकनं सूर दिला, पुन्हा दिला. वासुकी मान हलवत होती, पण ती हलणारी मान माळांच्या आतच राहिली.

"अत्या," कीर्तना माइकमध्येच म्हणाली, "कुठें अहेस तूं? मला दिसत नाहींस."

पहिल्या ओळीत मुलाची आई, राजलक्ष्मी, बसली होती. उभी हयात पोस्टात काउंटरवर काढलेली, आवाज खणखणीत. ती उठलीच.

"सून म्हणते ती ड्रमवाली अत्या तीच कां? मग तिला फुलांत कशाला कोंडलें?"

सेतुरामनं कार्तिककडे पाहिलं. कार्तिक म्हणाला, डेकोरेशनवाल्यांनी बांधलं. डेकोरेशनवाला म्हणाला, मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. मॅनेजर म्हणाला, मुलीच्या वडिलांनी फोन केला होता. आता सगळ्यांच्या माना सेतुरामकडे वळल्या.

"तुमच्या माणसांना चालणार नाहीं म्हणून…" तो चाचरत राजलक्ष्मीला म्हणाला.

"अय्यो! मी असें कधीं म्हणालें?"

खरंच म्हणाली नव्हती. कुणीच म्हणालं नव्हतं. एवढी माणसं, एवढी फुलं, आणि पडद्याला धनी कुणीच नाही. ज्यानं-त्यानं दुसऱ्याच्या मनात काय असेल ते ओळखून आधीच पाप करून ठेवलं होतं. आपल्याकडच्या निम्म्या रूढी अशाच चालतात.

मॅनेजरनं घाईघाईनं चौकट बाजूला ओढायला लावली. दिव्याच्या उजेडात वासुकी दिसली, साधी राखाडी साडी, हातात काठ्या, डोळे दिपलेले. कुणीतरी टाळी वाजवली. आता सगळं गोड झालं, असं वाटून सेतुरामनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात राजलक्ष्मी त्याच्याजवळ सरकून, आपल्या मते हळू आवाजात, म्हणाली, "आजचें ठीक अहे. उद्या मुहूर्ताचें मात्र बघून घ्या हं. मला काहीं नाहीं, पण माणसें बोलतात."

खणखणीत आवाजाची बाई हळू बोलली तरी स्टेजवर ऐकू जातं. वासुकीनं ऐकलं. कीर्तनानंही ऐकलं.

वासुकीनं काठ्या मांडीवर ठेवल्या. "सेतू, उद्याचा पडदा कुणी सांगितला तें आजच ठरवून ठेवा. उद्या मी विचारीन."

मग तिनं मान हलवून खूण केली आणि कीर्तना गायली. सहा वर्षांनी चेहरा उघडा ठेवून वाजवताना वासुकीला आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. तसा फारसा झाला नाही. बेस गिटारच्या जागेकडे दोनदा नजर गेली आणि दोन्ही वेळा तिला फार एकटं वाटलं.

सकाळी मुहूर्ताच्या थोडं आधी दार लोटून घ्या म्हणून सांगायला सेतुराम कोठीच्या दारात येऊन उभा राहिला. आत वासुकी आणि वेंकूबाई पिशव्या भरत होत्या. वासुकी हात पुसून उठली.

"चल. मौशीलाही घेतें."

"अक्का, हट्ट नको. लेकीचें कल्याण तुलाही हवें अहे की नाहीं?"

हा प्रश्न सुरीसारखा असतो आणि विचारणाऱ्याला तो औषधासारखा वाटतो.

"हट्ट नव्हे रे सेतू. मी दमलें. पडद्यामागें बसायला फार बळ लागतें. सहा वर्षें तें मी कुठून आणलें मलाच ठाऊक नाहीं, आतां तें संपलें. मौशीनें साठ वर्षें आणलें. कीर्तनाला मी कडेवर घेतलें, ताप आला तेव्हां उशाशीं बसलें, तेव्हां माझा हात चालला. आज तोच हात अपशकुनी म्हणून कुणी सांगितलें? नांव सांग. मी त्यांच्याशीं बोलतें."

सेतुरामनं तोंड उघडलं. नाव सुचेना. मुलाकडचे म्हणायची सोय काल राजलक्ष्मीनं 'मला काहीं नाहीं' म्हणून संपवली होती, आणि गेलेल्या वाडवडिलांशी बोलायला बहिणीला पाठवता येत नव्हतं. उरलं होतं ते एकच नाव, त्याचं स्वतःचं. ते त्याच्या तोंडून निघेना. तो दारातून बाजूला झाला. मोठा सुधारक झाला म्हणून नव्हे, उत्तर नव्हतं म्हणून.

पहिल्या ओळीत जागा नव्हती. कालचं ड्रमचं गोल स्टूल वासुकीनं कडेला लावलं आणि वेंकूबाईंना त्यावर बसवलं. स्वतः त्यांच्याजवळ उभी राहिली. एक-दोन बायकांनी पदर सावरून खुर्च्या सरकवल्या. कनकलता खाली बघत होती. अंतरपाटाच्या कडेनं कीर्तनानं वाकून पाहिलं, आणि दोघी दिसल्यावरच ती नीट उभी राहिली.

वासुकीनं म्हाताऱ्या तळहातावर अक्षता ठेवल्या.

"मला येत नाहीं ग," वेंकूबाई कुजबुजल्या. "कधीं टाकायच्या?"

"मंगलाष्टक तुला पाठ अहे की, मौशी."

"पाठ अहे. आंतून ऐकलें. टाकल्या नाहींत कधीं."

"मी मनगट दाबतें तेव्हां टाक."

पहिलं मंगलाष्टक संपलं. 'सावधान' म्हटलं गेलं, अक्षतांची सर उडाली, वासुकीनं मनगट दाबलं. मूठ उघडली नाही. दुसऱ्या वेळीही नाही. जन्मभर कुणाला ताल चुकू न देणाऱ्या बाईनं पुन्हा पुन्हा खूण दिली, आणि साठ वर्षं मिटलेली मूठ भीतीनं आणखीच घट्ट होत गेली. वेंकूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, नादस्वरमची सनई आणि तविलचा ढोल यांचा कल्लोळ उठला. माणसं उठून पुढे सरकली.

तेव्हा कुठे ती मूठ उघडली. सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्यावर एकटीच एक मूठ, आणि तीही जेमतेम हातभर लांब, समोरच्या सतरंजीवर पडली. पुरोहितांनी मान वर करून पाहिलं आणि ते पुन्हा होमाच्या तयारीकडे वळले. वीज पडली नाही, दिवा विझला नाही. कीर्तना गळ्यातल्या हारासकट खाली उतरली, तिनं सतरंजीवरचे ते दाणे वेचले आणि स्वतःच्या केसांत टाकून घेतले.

वासुकी मटकन खाली बसली. कंबर फार दुखत होती.

पुढच्या लग्नाला तुम्ही जाल तेव्हा जेवायला बसण्याआधी एकदा कोठीत डोकावून या. तिथे कुणी पिशव्या भरत बसलेलं दिसलं, तर तिला कुणी बसवलं म्हणून विचारा. बोटं एकाकडून दुसऱ्याकडे जातील. फिरत फिरत ती तुमच्यापाशी आली तर मागे वळून पाहू नका, कारण मागे कुणी नसतं.